पलीकडचं हँडल

"ही आमची राजकन्या," मावशी म्हणाली आणि करंगळीएवढी एक काकडी तिने आमच्या अख्ख्या वर्गासमोर उंच धरली. काकडीच्या टोकाला पिवळं फूल तसंच चिकटलेलं होतं, टोपी घातल्यासारखं. मावशीनेही टोपी घातली होती. निळी, वर कंपनीचं चिन्ह असलेली.

मी अगदी पुढे उभी होते. तिने मला पाहिलं होतं. सहलीच्या बसमधून उतरताना पाहिलं होतं, दारातल्या औषधाच्या पाण्यात बूट बुडवताना पाहिलं होतं, आणि दरवेळी तिची नजर माझ्यावरून सरकून गेली होती, एखाद्या भिंतीवरून सरकावी तशी.

"हॉटेलांतून हिला फार मागणी आहे," ती सांगत होती. "का, तर हिचं फूल गळत नाही. हे बघा."

तिने काकडी मुठीत धरली, मनगट सैल सोडलं आणि एकच झटका दिला, ओले हात झटकतात तसा. मूठ उघडली. फूल जागच्या जागी. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मी नाही वाजवल्या. तो झटका माझ्या आत्याचा होता.

थांबा, हे असं मधूनच नाही कळायचं. आमच्या घरामागे एक बोगदा आहे. डोंगरातला नव्हे हो. लोखंडी कमानी एकामागे एक रोवायच्या आणि त्यांवर जाड पांढरं प्लास्टिक ताणायचं, की झाला बोगदा. आत शिरलं की उन्हाचं दूध झाल्यासारखं वाटतं. माझ्या जन्माच्याही आधीपासून तो दोघी मिळून चालवत होत्या. आत्या, म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. आणि मावशी, म्हणजे खरं तर आमची कुणीच नाही, आत्याची शाळेपासूनची मैत्रीण. पण मला बोलता यायला लागल्यापासून ती मावशीच. सायकल तिने शिकवली, शिट्टी तिने शिकवली, आणि आई रागावली की कुठल्या कमानीमागे लपायचं तेही तिनेच शिकवलं. मला ती 'चिमणे' म्हणायची. माझी उंची तिच्याहून जास्त झाली तरी चिमणेच.

लोक उघड्या शेतात जे लावतात ते या दोघी कधी लावत नसत. "जे बाजारात ढिगाने मिळतं ते आपण कशाला करायचं?" असं आत्या म्हणायची. हॉटेलातले स्वयंपाकी ज्याच्या मागे लागतील ते करायचं. गोट्यांएवढे टोमॅटो, जांभळी कोवळी पानं, चक्क खायची फुलं. आणि नकटी.

नकटी ही आमची काकडी. एका वर्षी विकतच्या बियांमध्ये एक वेल भलतीच निघाली. काकडी फिकट, नाक चपटं. आत्या ती उपटायलाच निघाली होती. मावशी आडवी आली. "राहू दे गं. नकटी आहे, पण गोड आहे. तुझ्यासारखी." अशी ती राहिली. मग दोघींच्या लक्षात आलं की इतर काकड्यांचं फूल नुसता हात लागला तरी पडतं, हिचं जरा धरून राहतं. आणि हॉटेलवाल्यांना तर फुलासकट काकडी हवी असते, ताटात दिसायला देखणी.

तेव्हापासून आत्याचं वेड सुरू झालं. वेलीवरची एक काकडी खुडायची, मुठीत धरून झटकायची. फूल पडलं, तर ती वेल फक्त विकायला. फूल टिकलं, तर त्या वेलीचं लग्न. हो, त्या दोघी लग्नच म्हणायच्या. मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या पाकळ्या लाल दोऱ्याने बांधून टाकायच्या, म्हणजे कुठली आगाऊ माशी परका पराग आणणार नाही. सकाळी दोरा सोडायचा. "नवरदेव आण गं," आत्या ओरडायची. मावशी दुसऱ्या निवडलेल्या वेलीवरचं नर फूल घेऊन यायची, "आले, आले, नवरदेव घामाघूम झालेत." नर फूल मादी फुलात हळूच फिरवायचं, पाकळ्या पुन्हा बांधायच्या. ती काकडी मग खुडायची नाही. ती वेलीवरच जाड, पिवळी, म्हातारी व्हायची, आणि तिच्या पोटातलं बी पुढच्या हंगामाला. लाल दोऱ्याला हात लावायचा नाही हा नियम मला होता, बाबांना होता, मुकादमालाही होता. मुकादम म्हणजे आमचा बोका.

असं करत करत, वर्षानुवर्षं, नकटीचं फूल इतकं घट्ट झालं की झटकून हात दुखेल पण ते पडणार नाही. अशी काकडी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती.

आता हँडलचं सांगते. बोगद्याच्या दोन्ही लांब बाजूंना प्लास्टिकचे पडदे असतात. पडदा खाली एका लांब नळीला गुंडाळलेला असतो आणि नळीच्या टोकाला हँडल. सकाळी पडदे वर, संध्याकाळी खाली, वारा सुटला तर ताबडतोब खाली. दोन्ही बाजू एकदमच हलवायच्या. एक उघडी आणि एक बंद राहिली, तर वारा आत शिरतो, बोगद्याचं पोट फुगतं आणि प्लास्टिक टरकन फाटतं. म्हणून आत्या अलीकडच्या हँडलवर, मावशी पलीकडच्या. मध्ये वेलींची भिंत, एकमेकींची फक्त सावली दिसणार.

"आहेस?" आत्या ओरडायची.

"आहे!"

"फिरव!"

मग दोन्ही हँडलं करकरत फिरायची. पडदा टोकाला पोचला की आत्या म्हणायची, "सोड!"

रोज सकाळी माझी झोप याच चार शब्दांनी मोडायची. भांडण झालं असलं, अबोला असला, तरी हे चार शब्द चुकायचे नाहीत. एकदा दोघी कशावरून तरी दिवसभर बोलत नव्हत्या. संध्याकाळी आत्या ओरडली, "आहेस?" पलीकडून आवाज आला, "नाहीये!" आणि दोघी हसत सुटल्या.

याच हंगामात, सहलीच्या काही महिने आधी, एका सकाळी लाल दोऱ्याच्या सगळ्या काकड्या नाहीशा झाल्या. पिवळ्याधमक झालेल्या, नुसत्या काढायच्या बाकी. आत्या मटकन खालीच बसली. डबीतलं सगळं बी तिने पेरून संपवलेलं होतं.

"उंदीर," मावशी म्हणाली. "दुसरं कोण? माजलेत मेले." तिनेच सापळे आणले, तिनेच लावले. आत्याने मुकादमाला समोर उभं करून झापलं. "दोन वेळ गिळतोस, कामाच्या नावाने बोंब. आजपासून तुझं दूध बंद." सापळ्यात एकही उंदीर सापडला नाही. मावशी म्हणाली, हुशार झालेत हल्ली.

मग मावशीचे गुडघे दुखायला लागले. बसता येईना, वाकलं की पाठही धरायची. मी कित्येक संध्याकाळी तिच्या गुडघ्यांना तेल चोळलं. "आता नाही झेपत गं," तिने आत्याला सांगितलं. "घरी बसते." आत्या तिला सोडायला पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. पाठीला बांधायची उशी, गरम पाण्याची पिशवी, सगळं सोबत दिलं. परत आली तेव्हा मला म्हणाली, "उद्यापासून तू पलीकडे." मला काय, आनंदच! मी रोज सकाळी इतक्या मोठ्याने "आहे!" ओरडायचे की रस्त्यावरचे लोक बघायचे.

तर आता परत सहलीत या.

"कुणाला काही विचारायचंय?" विज्ञानाच्या सरांनी विचारलं. मागच्या वर्षीची मी असते तर बुटांकडे बघत राहिले असते. पण या वर्षी मी वादविवादात पहिली आलेय आणि वर्गाची मॉनिटर आहे. मी हात वर केला.

"राजकन्या व्हायच्या आधी हिचं नाव काय होतं?"

वर्ग हसला. "वा, चांगला प्रश्न," सर म्हणाले. बिचारे सर.

मावशीने टोपी नीट केली. "ही जात कंपनीने तयार केलीय, ताई. नावही कंपनीचंच. आणखी काही असेल तर विचारा."

ताई. विचारा. मी तिच्याकडे बघतच राहिले. मॉनिटरगिरी, वादविवाद, सगळं पाण्यात.

"आणि हे पडदे बघा," ती घाईने पुढे निघाली. "इथे बटणावर चालतात. एकटा माणूस अख्खा बोगदा उघडतो." ती तीन पायऱ्या टणाटण चढली आणि तिने बटण दाबलं. दोन्हीकडचे पडदे गुपचूप खाली आले. कुणी कुणाला हाक मारली नाही.

घरी आले तेव्हा आत्या बोगद्यात वाकून एका फुलाला दोरा बांधत होती. हंगाम संपत आला होता, वेली पिवळ्या पडत चालल्या होत्या. उशिराने धरलेल्या फुलांतून एक जरी काकडी पिकली तर बी हाती लागेल, एवढ्यावरच तिची सगळी भिस्त होती. मी दप्तर टाकलं आणि एका दमात सगळं सांगितलं. टोपी, राजकन्या, झटका, ताई, विचारा.

आत्याने दोऱ्याची गाठ पूर्ण केली. टोक दातांनी तोडलं.

"गुडघे कसे आहेत तिचे?"

"पायऱ्या चढली, आत्या. टणाटणा."

"हं," आत्या म्हणाली. रडेल, चिडेल, हातातलं काहीतरी फेकेल, मी कशालाही तयार होते. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, बशीत दूध ओतून मागच्या पायरीवर ठेवलं. मुकादम संशयाने लांबूनच बघत होता.

"ये," आत्या म्हणाली. "चुकलं माझं तुझ्या बाबतीत."

एवढंच. संध्याकाळी बाबा मात्र भडकले. "पोलिसात जाऊ. कंपनीवर केस टाकू."

"काय सांगशील रे पोलिसांना? माझ्या बहिणीची नकटी पळवली?"

आम्हाला हसू आलं, आणि हसता हसता आत्याचा आवाज फुटला. "तिला हवंच होतं तर मागायचं ना. मी 'नाही' म्हटलं असतं का? अर्धी तिचीच होती. उपटू नकोस म्हणणारी तीच होती. आणि मी तिला उशी दिली रे," आत्या म्हणाली. "पाठीला."

पुढच्याच आठवड्यात हॉटेलच्या मोठ्या स्वयंपाक्याचा फोन आला. अगदी गोड भाषेत. कंपनीच्या मोठ्या बोगद्यांतून त्यांना आता लागतील तेवढ्या काकड्या रोज मिळतात, तरी कळावं. आत्या म्हणाली, "कळलं," आणि फोन ठेवला.

उशिराच्या फुलांपैकी बरीचशी सुकून गळली. एकच टिकलं. पलीकडच्या पडद्याजवळ, पानाखाली, लाल दोऱ्याची एकच काकडी. आत्या रोज पान उचलून बघायची आणि तान्ह्या मुलावर पांघरूण घालावं तसं पान परत ठेवायची. हिरवी होती ती फिकट झाली, मग देठाकडून पिवळी व्हायला लागली. "अजून नाही," आत्या म्हणायची. "बी आत कोवळं असेल. थांबायचं." वेल जवळजवळ वाळलीच होती. ती काकडी पिकेपर्यंत वेलीने तग धरायचा, बस्स. नाहीतर नकटी संपली. म्हणजे आमची संपली. राजकन्या राहिलीच असती.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली कारण आभाळ विचित्र दिसत होतं, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखं. वारा समोरून होता, सायकल ढकलत आणावी लागली. आमच्या फाटकाशी कुणीतरी उभं होतं. टोपी नव्हती, म्हणून आधी ओळखलंच नाही.

"चिमणे," मावशी म्हणाली.

"कोण चिमणी?" मी म्हटलं. "ताई म्हणा. काही असेल तर विचारा."

तिच्या हातात कागदाची एक पुडी होती. ती पुडी तिने छातीशी धरली. "आत्या आहे का गं घरात? दोन मिनिटं बोलायचंय. तिथे माझ्यावर साहेब लोक असतात, त्यांच्यासमोर मी तुला…"

बाकीचं वाऱ्याने नेलं. खरंच नेलं. असा एक झोत आला की फाटक धाडकन आपटलं, आणि मागच्या बाजूने बोगदा गुरगुरल्यासारखा आवाज आला. पडदे वर होते. दोन्ही.

मी सायकल तिथेच टाकून धावले. अलीकडच्या हँडलपाशी आत्याची सावली दिसली. मी पलीकडे पोचले, हँडल धरलं, फिरवलं. फिरेना. सगळा भार टाकला. नळी वाऱ्याने उचलली जात होती, प्लास्टिक तोंडावर फडाफडा मारत होतं. आत वेली एका बाजूला लोळत होत्या आणि मला तो लाल दोरा दिसत होता, इतका जवळ. कमानींमधून एक लांब कण्हण्याचा आवाज आला.

"सर बाजूला." मावशी माझ्या मागे होती. "चाकाचा दात अडकलाय. आधी उलटं दाबायचं, मग फिरवायचं. सर म्हणते ना!" तिने मला खांद्याने ढकललं आणि हँडल धरलं. उलटं दाबलं. कट्ट आवाज झाला.

तेवढ्यात वेलींच्या पलीकडून आत्याची हाक आली. तिला वाटलं मीच आहे.

"आहेस?"

"आहे!" मावशी ओरडली.

विचार करून नाही ओरडली. कितीतरी वर्षं जसं ओरडत आली तसंच, आपसूक निघालं ते तिच्या तोंडून. निघाल्यावर तिने ओठ घट्ट मिटले.

वारा, प्लास्टिक, पुन्हा वारा. मला आत्याची सावली दिसत होती. ती हलत नव्हती. मी ओरडणार होते, आत्या, अगं फाटेल सगळं! तेवढ्यात आवाज आला. मोठा, स्पष्ट, अजिबात न कापणारा.

"फिरवा."

मावशीचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. तिला कुणी थोबाडीत मारली असती तरी चेहरा इतका उतरला नसता. पण हात थांबले नाहीत. दोन्ही हँडलं करकरत फिरायला लागली, एका लयीत, जराही मागेपुढे नाही. पडदे बरोबर खाली येत होते. मी रोज फिरवायचे तेव्हा आत्याला माझ्यासाठी थांबावं लागायचं. या दोघींना कुणासाठी थांबावं लागत नव्हतं. नळी तळाशी टेकली. बोगद्याचं पोट एकदा फुगलं आणि बसलं.

"सोडा," आत्या म्हणाली.

मावशीने सोडलं.

थेंब पडायला लागले होते, मोठे, तिरपे. आत्या वळसा घालून आमच्या बाजूला आली. केस तोंडावर, हाताला ओरखडा. मावशीने कमरेला खोचलेली पुडी पुढे केली.

"आपलंच बी आहे. तिथलं थोडं बाजूला काढून ठेवलं होतं. तुझ्यासाठी." आत्याने हात पुढे केला नाही तसं ती म्हणाली, "शिव्या दे गं मला. दे ना. पण असं नको बोलूस."

आत्याने पदराने तोंड पुसलं. मग ज्या आवाजात ती वीजबिलवाल्याशी बोलते, पत्ता विचारायला आलेल्या माणसाशी बोलते, त्या आवाजात म्हणाली, "मदत झाली तुमची. पाऊस वाढेल, लवकर निघा. चहा करायला हवा होता, पण आज गडबड आहे."

पुडी मावशीने हँडलच्या खांबापाशी खाली ठेवली, वर एक दगड ठेवला, आणि गेली. वळणापर्यंत मी बघत होते. ती लंगडत होती की घाईत चालत होती, पावसात कळलं नाही.

आत्या आत गेली आणि पान उचललं. काकडी होती. दोराही होता. ती तिच्याशेजारी मातीत बसली, आणि पावसाचा प्लास्टिकवर एवढा आवाज होता की ती काही म्हणाली असली तरी मला ऐकू आलं नसतं.

नंतर ती काकडी पूर्ण पिवळी झाल्यावर आत्याने उतरवली, चिरली, बी धुतलं, सावलीत वाळवलं. थोडंसंच निघालं, पण डबी पुन्हा वाजायला लागली.

पुडीला कुणी हात लावला नाही. कागद पावसात भिजून फाटला, आणि काही दिवसांनी हँडलच्या खांबाला लागून, बोगद्याच्या बाहेर, दगडाच्या कडेने दोन-दोन पानांची रोपं वर आली. नकटीची.

रोज सकाळी आत्या अलीकडून "आहेस?" म्हणते, आणि मी पाय जरा लांब ठेवून, वाकून, हँडल धरते. संध्याकाळी ती बांध तपासायला या बाजूने जाते तेव्हा तिथे क्षणभर थांबते. उपट असं ती मला अजून म्हणालेली नाही. पाणी घाल असंही नाही.